मुंगी आणि सूर्य

परवा नातू पुण्याहून गडावर आला होता. त्याने मोबाईलवर एक जुने इंग्रजी गाणे ऐकवले... १९६७ सालचे, प्रोकोल हारम या मंडळींचे 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल'. प्रोग्रेसिव्ह रॉकची ही सुरुवातीची खूण, असे तो म्हणाला. कीथ रीडने लिहिलेल्या शब्दांचा अर्थ लोक अजून लावताहेत म्हणे. "आजोबा, तुम्हाला काय वाटतं?"

मला आठवला मुक्ताबाईंचा कूट अभंग. मुंगी आभाळात उडते, सूर्यालाच गिळते. वांझेला मुलगा होतो! कीर्तनकार उलगडून सांगतात : मुंगी म्हणजे जीव, सूर्य म्हणजे ब्रह्म, वांझ म्हणजे माया. कुणी मुंगीला सूक्ष्म झालेले मन म्हणतात.

ही उलटी भाषा एकाएकी आली नाही. १९०७ साली हरप्रसाद शास्त्रींना नेपाळच्या दरबारी ग्रंथालयात चर्यापदांची पोथी सापडली. बौद्ध सिद्धांची ती गाणी अशीच, वर एक अर्थ, आत दुसरा. तिला संध्याभाषा म्हणतात. नाथपंथात तीच रीत, पुढे कबीराच्या उलटबांसीतही. निवृत्तिनाथांचे गुरू गहिनीनाथ, आणि निवृत्तिनाथ मुक्ताबाईंचे. गहिनीनाथगड तर आपल्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात. म्हणजे धागा घरचाच!

आता एक कबुली. नोकरीत असताना एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिले होते, "मुंगी म्हणजे मुक्ताबाई स्वतः आणि सूर्य म्हणजे त्यांना वाळीत टाकणारे पंडित." मी लाल शाईने काट मारली. मार्गदर्शकात तसे नव्हते ना!

आज वाटते, पोरीने इतिहास वाचला होता, मी फक्त मार्गदर्शक. मुक्ताबाईंचा जन्म १२७९चा, समाधी १२९७ची. संन्याशाची मुले म्हणून भावंडांना मुंजीचा अधिकार नाकारला गेला, आणि त्याच घरातल्या धाकट्या पोरीला चांगदेवांसारख्या योग्याने गुरू मानले, असे परंपरा सांगते. मुंगीने सूर्य गिळला, तो आणखी कसा गिळायचा? कीर्तनकारांचा अर्थ याने खोटा ठरत नाही. कूट असतेच मुळी अनेकांना पुरण्यासाठी.

आषाढीला मुक्ताईनगरची पालखी बीडवरून पंढरपूरला जाते. त्या गर्दीत ती मुलगी कधी भेटली, तर कापलेले गुण परत द्यायचे आहेत...

असो. नातवाला मी एवढेच म्हटले, "तुला काय वाटतं, ते आधी सांग."