साक्षीदार बाहेर थांबा

मराठेशाहीत सातारा प्रांतातील वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालत. साक्षी साऱ्या सभेदेखत होई, कृष्णेच्या पाण्यात उभे करून शपथही घातली जाई आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. खोटे बोलणाऱ्याला देवाचा आणि गावाचा धाक पुरेल, हा त्यामागचा भरवसा.

इंग्रजी रिवाजाचा भरवसा वेगळा होता. एकाची जबानी ऐकून दुसऱ्याने तिला आपली जुळवून घेऊ नये, म्हणून पुढचे साक्षीदार बाहेर ठेवायचे. कल्पना जुनीच, बायबलमधील सुसानेच्या कथेत तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आरोप करणाऱ्या दोन वृद्धांना वेगळे करून ‘कोणत्या झाडाखाली?’ असे विचारताच त्यांनी दोन वेगळी झाडे सांगितली. १८४८ मध्ये सातारा खालसा झाल्यावर ही पद्धत तेथे रुळली.

नवल असे, की २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात साक्षीदारांना बाहेर ठेवण्याचे स्वतंत्र कलम नव्हते. फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायालय खुले ठेवून कोणालाही बाहेर काढण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला, त्यावरच भागे. पट्टेवाल्याने पुकारा केला की व्हरांड्यातला साक्षीदार आत येतो. आत बसून राहिलेल्याची साक्ष बाद होत नाही, तिचे वजन घटते. पक्षकाराला मात्र बाहेर काढता येत नाही. म्हणून दिवाणी दाव्यात त्याने आपली साक्ष इतरांआधी द्यावी, असा नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १९७६ च्या दुरुस्तीने घातला.