कृत्रिम भिंग बसविल्यानंतरची दृष्टी

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, लेन्सही बसली, तरी मनासारखे दिसत नाही, अशी तक्रार करणारे रुग्ण नेत्रतज्ज्ञांना अपरिचित नाहीत. दोष दर वेळी भिंगाचाच असतो असे मात्र नाही.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉ. हॅरोल्ड रिडले यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी मानवी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पारदर्शक छताचे प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले, तरी डोळ्याने ते निमूटपणे स्वीकारल्याचे त्यांनी पाहिले होते. भिंग डोळ्याने स्वीकारले. परंतु त्याची शक्ती चुकल्याने रुग्णाला मोठा उणे नंबर आला. योग्य शक्तीचे भिंग कसे निवडावे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्यापूर्वी, आणि भारतात तर त्यानंतरही कित्येक वर्षे, मोतीबिंदू काढल्यावर सुमारे अधिक १० नंबरचा जाड चष्मा हाच उपाय होता. त्यातून वस्तू जवळपास पाव पटीने मोठ्या दिसत, कडेचे नीट दिसत नसे, जिन्याची पायरी चुके. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी निगडित ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे तयार केली आणि सामान्य रुग्णाची या चष्म्यातून सुटका सोपी झाली.

भिंगाची शक्ती ठरविण्यासाठी डोळ्याची लांबी आणि बुबुळाची वक्रता मोजतात. लांबीच्या मोजणीत केवळ १ मिलिमीटरची चूक झाली तरी अडीच ते तीन नंबरांचा फरक पडतो. प्रकाशकिरणांनी केलेली मोजणी अधिक अचूक असते. पण फार पिकलेल्या मोतीबिंदूतून किरण पार होत नाहीत, तेथे ध्वनिलहरींच्या 'ए-स्कॅन'वर भिस्त ठेवावी लागते. चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी पूर्वी लेसर उपचार घेतलेल्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण नेहमीची सूत्रे अशा डोळ्यांत चुकतात.

नेहमीचे एककेंद्री भिंग बहुधा दूरच्या दृष्टीसाठी निवडले जाते; वाचनाला चष्मा लागतोच. बहुकेंद्री भिंगाने ती गरज कमी होते. मात्र रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात आणि फिकट रंगछटांतील भेद मंदावतो. रात्री वाहन चालविणाऱ्यांनी याचा विचार आधीच केलेला बरा. मधुमेहाने पडदा खराब झाला असेल वा काचबिंदूने नस सुकली असेल, तर सर्वांत महागडे भिंगही गेलेली दृष्टी परत आणत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये ६/१८ किंवा त्याहून चांगल्या दृष्टीला 'चांगला परिणाम' मानले होते. ६/१८ म्हणजे निरोगी डोळा १८ मीटरवरून वाचतो ते अक्षर ६ मीटरवरून वाचता येणे. आता ही कसोटी ६/१२ अशी अधिक कडक झाली आहे.

काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागल्यास 'मोतीबिंदू परत आला' असे म्हटले जाते. प्रत्यक्षात भिंगामागचे नैसर्गिक आवरण गढूळ झालेले असते आणि 'याग' लेसरने काही मिनिटांत त्याला वाट पाडता येते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत वेदना, लाली आणि दृष्टी घटणे मात्र जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. केव्हाही डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे होऊन पडदा ओढल्यागत भासले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.