शंखांवरून थर

इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यात १७९० च्या दशकात कोळसा वाहून नेण्यासाठी कालवा खोदला जात होता. त्यावरच्या मोजणीदाराला, लोहाराच्या मुलाला, रोज एकच अडचण यायची. खणताना लागणारे मातीचे थर दिसायला सारखेच. आपण नेमक्या कोणत्या थरात आहोत, हे कळायचं कसं? या मोजणीदाराने, विल्यम स्मिथने, उत्तर शोधलं ते त्या थरांतल्या दगड झालेल्या शंखशिंपल्यांत. प्रत्येक थरात जीवाश्मांचा ठरावीक मेळ होता आणि थरांचा क्रम कुठेही बदलत नव्हता.

बाथजवळचे पाद्री बेंजामिन रिचर्डसन यांच्याकडे जीवाश्मांचा मोठा संग्रह होता. त्यातला कोणता नमुना कोणत्या थरातला, हे स्मिथने भराभर सांगितलं. १७९९ मध्ये त्याने थरांची यादी तोंडी सांगितली, रिचर्डसननी ती लिहून घेतली. १८१५ मध्ये त्याचा भूशास्त्रीय नकाशा छापून आला. १८१९ मध्ये मात्र कर्जापायी त्याला तुरुंगात जावं लागलं.

पुढचं पाऊल जर्मनीत पडलं. आल्बर्ट ओपेलने १८५६ ते १८५८ या काळात जुरासिक खडकांचे बारीक पट्टे पाडले, तेही प्रामुख्याने अमोनाइट या चक्री कवचाच्या प्राचीन समुद्री जीवांच्या जातींवरून. आपल्या देवघरातला शाळिग्राम अनेकदा याच कुळातला असतो. अमोनाइट समुद्रात दूरवर पसरत आणि त्यांच्या जाती झपाट्याने बदलत. त्यामुळे शेकडो मैलांवरचे दोन थर एकाच काळातले आहेत का, हे त्यांच्यावरून ठरवता येई.

ओपेलचा शिष्य विल्हेल्म वागेन ही पद्धत घेऊन भारतात, भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात आला. त्याआधी भूवैज्ञानिक फर्डिनांड स्टोलिच्काने कच्छच्या जुरासिक खडकांचे पच्छम, चारी, काट्रोल आणि उमिया असे चार गट पाडले होते. वागेनने १८७३ ते १८७५ दरम्यान तिथल्या अमोनाइटांचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं.

कच्छच्या उघड्या डोंगरउतारांवर काम करताना पहिला नियम असा आहे. घरंगळून पायथ्याशी आलेला अमोनाइट कितीही देखणा असला तरी त्यावरून थराचं वय ठरवत नाहीत. खडकात जागच्या जागी रुतलेला नमुना शोधायचा, थराची जाडी मोजायची आणि नमुना काढताच त्यावर थराचा क्रमांक घालायचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनीही कच्छच्या अमोनाइटांवर काम केलं आहे.