तिसरी प्रत कुणाकडे? सुप्याचे रोखे ते मार्केट यार्डाचा सर्व्हर

पुण्यातल्या मार्केट यार्डात माल उतरतो, तोलला जातो, भाव ठरतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती येणारी रक्कम, सगळं तिच्यावर. आता अनेक गाळ्यांवर ही पट्टी कॉम्प्युटरमधून निघते. म्हणजे मूळ नोंद कुठल्यातरी डेटाबेस सर्व्हरवर असते. तो सर्व्हर बसला, किंवा कुणी आतला आकडाच बदलला, तर शेतकऱ्याने काय दाखवायचं?

हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा जुना आहे. त्यासाठी आपल्याला पुणे जिल्ह्यातल्याच सुप्याला जायचंय.

१२ मे १८७५. सुप्यात बाजार भरलेला. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. पण त्यांना मुख्यतः हवे होते कागद: कर्जाचे रोखे आणि हिशेबाच्या वह्या. हाती लागले ते जाळले. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या इतर गावांत गेलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

कागदावरच राग का? कारण हिशेब एकाच बाजूकडे होता. वही सावकाराची, अक्षर सावकाराचं, शेतकऱ्याचा फक्त अंगठा. पैसे फेडले तरी पावती मिळेलच असं नाही. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कर्जदाराला वाचवायचा होता. झालं उलटंच. तीन वर्षं संपत आली की थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा, नवा अंगठा!

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली एक तरतूद मला फार भारी वाटते. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्तऐवज गाव-निबंधकासमोर लिहायचा. निबंधक माणसाची ओळख पटवणार, साक्षांकन करणार. मग दस्ताची नक्कल त्याच्या नोंदवहीत, मूळ कागद सावकाराला आणि प्रमाणित प्रत शेतकऱ्याला. झाल्या ना तीन प्रती? शिवाय पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्कही शेतकऱ्याला मिळाला.

या कायद्याने कर्ज संपलं नाही. सावकारीही संपली नाही. पण एक गोष्ट कायद्यात आली: नोंद ज्याच्या फायद्याची, तिची एकमेव प्रत त्याच्याच कपाटात नको.

आता परत सर्व्हरकडे येऊ. डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा तर तो सर्व्हर आधी बॅकअपच्या यंत्रणेत नोंदवावा लागतो. त्याचा पत्ता, लॉगिन, पासवर्ड. ही झाली गाव-निबंधकासमोरची ओळख. नोंदच नसेल तर यंत्रणेला तो सर्व्हर असल्याचंच कळत नाही. आणि पुढे कुणी पासवर्ड बदलला, पण इथे बदलायचा राहिला, तर बॅकअप थांबतो. गाळा नेहमीसारखा चालू असतो, पट्ट्या निघत असतात. फक्त निबंधकाची वही कोरी राहत जाते.

दुसरं म्हणजे, हे लॉगिन कुणाचं? मुख्य ॲडमिनचं लॉगिन सरसकट देऊन टाकणं सोपं, पण धोक्याचं. बॅकअपसाठी वेगळं खातं हवं, त्याला कामापुरतेच अधिकार हवेत. आणि साठवलेल्या प्रती मुख्य सर्व्हरच्या लॉगिनने पुसता येता कामा नयेत. नाहीतर पासवर्ड चोरणारा मूळ नोंद आणि नक्कल एकाच वेळी जाळेल. त्याला तर बाजाराच्या दिवसाची वाटही बघावी लागणार नाही.

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कुणी गाळ्यावर, पतसंस्थेत किंवा दूध डेअरीत कॉम्प्युटर सांभाळत असेल, तर या आठवड्यात एवढं बघा: सर्व्हर बॅकअपमध्ये नोंदवलाय का, त्याचं लॉगिन आज चालतंय का, आणि जुनी एक पट्टी त्या प्रतीतून खरंच परत काढता येते का. आणि घरी शेती असेल, तर पट्टीचा फोटो काढून ठेवा. तुमची प्रत तुमच्याकडे हवीच.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!