जात्यावरचं पोलिश

एका पोलिश सहकाऱ्याच्या मेलमध्ये एकाच नावाला दरवेळी वेगळं शेपूट दिसायचं. ते का, हे शोधण्यात अख्खा शनिवार गेला. संबोधनासकट सात विभक्त्या! शाळेत आपण घोकलेल्या आठांपैकी फक्त पंचमी नाही, ती षष्ठीत मिसळून गेली. संस्कृतची लांबची बहीण, चालायचंच.

पण खरी गंमत वेगळीच आहे. हेन्रिकुफच्या मठातल्या लॅटिन बखरीत, साधारण १२७० साली, एक पोलिश वाक्य येतं. पोलिशमधलं सर्वांत जुनं लिखित वाक्य ते हेच. बायको जात्यावर दळत बसलेली. नवऱ्याला दया येते. तो म्हणतो, मी दळतो, तू जरा बस. बस्स! राजा नाही, लढाई नाही. त्यातही बोलणारा मूळचा चेक आणि लिहिणारा जर्मन मठाधिपती. (शुद्धतावाद्यांनी नोंद घ्यावी.)

हीच घरातली भाषा पुढे तग धरून राहिली. १७९५ ते १९१८ पोलंड नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतलेला. प्रशियाच्या वाट्याला आलेल्या व्झेश्न्या गावातल्या शाळेत १९०१ साली धर्माचा तासही जर्मनमधून घ्यायचं ठरलं. पोरांनी जर्मनमधून उत्तरं द्यायला नकार दिला. छड्या खाल्ल्या, तरी नाही. चिडून शाळेपाशी जमलेल्या पालकांवर खटला भरला, काहींना तुरुंगात धाडलं. एवढं होऊनही १९०६-०७ मध्ये हाच संप त्या भागातल्या शेकडो शाळांत पसरला. लहान पोरं हो!

सोमवारच्या मेलमध्ये संबोधन वापरून बघणार आहे. चुकलं तर तो सांगेलच.