डाग पडला तरी चालणारा कोड

आमच्या गल्लीतल्या चहावाल्याच्या गाड्यावरचा क्यूआर कोड चहाच्या डागांनी तांबूस झालाय, एक कडही फाटलीय. तरी मोबाइल धरला की पैसे जातात. हे कसं, ते शोधताना मी जपानमधल्या कारखान्यांत जाऊन पोहोचलो.

डेन्सो ही टोयोटा समूहातली, मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी. एका बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावायची, त्यामुळे एकेका खोक्यावरचे दहा-दहा बारकोड कामगारांना स्कॅन करावे लागत. माणसं वैतागली. मासाहिरो हारा यांनी अगदी छोट्या चमूसह १९९४ मध्ये आडवी-उभी अशी दोन्हीकडे माहिती साठवणारा कोड आणला. त्यात ७०८९ पर्यंत अंक बसतात.

पण खरी मेख होती ती यंत्राला कोड चटकन सापडण्यात. त्यासाठी पत्रकं, मासिकं, पुठ्ठ्याची खोकी धुंडाळून छपाईत क्वचितच आढळणारं काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण शोधलं गेलं: १:१:३:१:१. कोपऱ्यांतले तीन चौकोन ते हेच. कारखान्यात तेल, धूळ लागणारच, म्हणून जास्तीत जास्त ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येईल अशी सोय केली. चहावाल्याला ती आयती मिळाली. पेटंट होतं, पण कंपनीने त्याचा हक्क कुणावर बजावला नाही. मला तर यातलं हेच सर्वांत मोठं वाटतं.

एक अडचण मात्र राहिली. नुसत्या डोळ्यांनी हा कोड कुणालाच वाचता येत नाही. रात्रीतून कुणी त्यावर दुसरा चिकटवला, तर ओळखणार कसा? म्हणून आमचा चहावाला अजून दर वेळी विचारतो, "भाई, नाव कुणाचं आलं?"