सोलापूरचे सर्जन आणि चिनी सुई

अ‍ॅक्युपंक्चरचा विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव निघतेच. लुधियानात त्यांच्या नावाचे अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय आहे, कोलकात्यात स्मारक समिती आहे. घाटकोपर-मुलुंडकडच्या एखाद्या दवाखान्यात आपली पाळी येण्याची वाट पाहताना शेजारचे काका सांगतात, "ही विद्या आपल्या कोटणीसांनी आणली बरं का!" ऐकायला गोड वाटते, पण घडले ते वेगळे. सोलापूरचे कोटणीस मुंबईत परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले, हाडाचे सर्जन. चीनमध्ये त्यांनी हाती धरली ती शस्त्रक्रियेची सुरी.

सप्टेंबर १९३८मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने चीनला धाडले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या देशाला ती मदत होती. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस मात्र आघाडीजवळच्या बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले, तिथे विद्यार्थ्यांना शिकवले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लेखणीने आणि शांतारामबापूंच्या १९४६च्या चित्रपटाने हे नाव घराघरांत पोचवले. आमच्या पिढीला कोटणीस भेटले ते पडद्यावरच.

मग सुई आली कुठून? युद्धाच्या त्या मुलखात औषधांचा दुष्काळ होता. सुया टोचणारे जुने वैद्य गावोगाव होते, पण इस्पितळाच्या दारात त्यांना कोण उभे करणार? एप्रिल १९४५मध्ये येनानच्या बेथ्यून रुग्णालयात अ‍ॅक्युपंक्चरचा स्वतंत्र विभाग निघाला. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले डॉक्टर जुन्या वैद्याकडे विद्यार्थी म्हणून बसले. त्यांतल्या झू लियान या डॉक्टर बाईंनी पुढे, १९५१मध्ये, या उपचारावर नव्या पद्धतीने पुस्तक लिहिले. कोटणीसांना जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता.

भारतात ही विद्या आणली ती त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसू यांनी. त्यांना सायनसचा जुना त्रास होता आणि पन्नाशीच्या दशकात पुन्हा चीनला गेले असता तो सुयांनी बरा झाला, असे सांगतात. मग ते रीतसर शिकले आणि १९५९मध्ये कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले. तीन वर्षांत सीमेवर युद्ध पेटले. चिनी म्हटले की लोकांच्या कपाळाला आठी पडे, अशा दिवसांत चिनी सुई चालवणे सोपे नव्हते. बसूंनी ती सोडली नाही. अमेरिकेला या सुईचे कुतूहल वाटू लागले ते १९७१मध्ये, 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जेम्स रेस्टन यांनी पेकिंगमधल्या आपल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनची हकिकत लिहिल्यावर. कोलकात्यात तोवर बारा वर्षे झाली होती!

बसूंचे मोठेपण मला आणखी एका गोष्टीत दिसते. ते स्वतः डॉक्टर होते. सुईने काय होईल आणि कुठल्या रोग्याला सर्जनकडे पाठवायला हवे, हे त्यांना कळत होते. परकी विद्या आपलीशी करण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. युनानी या शब्दाचा अर्थच मुळी ग्रीक! पण ती विद्या रुजली ती शिक्षणाच्या शिस्तीने. सुईची मात्र नेमकी तीच बाजू फार काळ कच्ची राहिली. चार शनिवार-रविवारांचा वर्ग केला की पाटी लावायला माणूस मोकळा.

पश्चिम बंगालने १९९६मध्ये कायदा केला. २००३मध्ये केंद्राने अ‍ॅक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, पण ती नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच वापरावी, असे बजावले. महाराष्ट्राचा अधिनियम २०१५चा. शिक्षणावर देखरेख आणि व्यवसाय करणाऱ्यांची नोंदणी यांसाठी परिषद त्यातूनच आली. २०१९मध्ये केंद्रानेही स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा दवाखान्यातल्या त्या काकांना कोटणीसांची खरी हकिकत जरूर सांगावी, आणि आत गेल्यावर सुई टोचणाऱ्याला त्याचा नोंदणी क्रमांकही विचारावा.